खिशाला हलकं, हाताला जड

पत्र थोडक्यात असं: वय ४७, ग्वाल्हेरला लष्कर भागात वडिलोपार्जित घर, दाल बाजारातल्या एका आडत्याकडे हिशेब आणि वसुलीचं काम, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा संध्याकाळी मालकाची रोकड बॅगेत घालून स्कूटरवरून घरी आणावी लागते. दोन महिन्यांपूर्वी रात्री पावणेनऊला बाइकवरच्या दोघांनी मागून बॅग ओढली. पट्टा तुटला नाही, बॅग वाचली, पण हे स्कूटरसकट पडले आणि कोपर सोललं. टेक्सासमध्ये राहणाऱ्या मेहुण्यांनी व्हिडिओ कॉलवर आपलं छोटंसं .३५७ मॅग्नम (म्हणजे जास्त ताकदीच्या काडतुसाचं) रिव्हॉल्वर दाखवलं आणि सांगितलं की ‘रोज जवळ ठेवायचं तर हलकंच हवं आणि चालवायची वेळ आली तर बोअर (नळीचं भोक) मोठाच हवा, ते बत्तीस बोअर म्हणजे खेळणं.’ बायको म्हणते, घरात बंदूक नको, मुलगा अकरावीत आहे आणि सासूबाईंना आता विसरायला होतं. प्रश्न तीन: लायसनला अर्ज करू का, असं हलकं मोठ्या बोअरचं रिव्हॉल्वर आपल्याकडे मिळेल का, आणि बायकोला कसं समजवू?

---

नमस्कार दादा,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, एकदा रिव्हॉल्वरसाठी आणि दुसऱ्यांदा त्या एका ओळीसाठी जी तुम्ही मध्येच लिहून पुढे निघून गेलात, की ‘हल्ली रात्री तीनला जाग येते आणि गॅलरीत जाऊन खाली बघून येतो.’ त्या ओळीकडे मी शेवटी येणारच आहे, पण आधी तुम्ही जे विचारलंय त्याचं नीट उत्तर देते, कारण आपल्या गावात बंदुकीविषयी बोलणारे खूप आणि ती चालवून बघितलेले फार कमी. मी कॉलेजात युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये .२२ पिस्तुलानं नेमबाजी केली, बाबांचं .३२ रिव्हॉल्वर रेंजवर चालवलं, आणि ते गेल्यावर त्या रिव्हॉल्वरचं पुढचं सगळं मलाच निस्तरावं लागलं, तेव्हा या विषयाच्या दोन्ही बाजू घरातूनच बघितल्यात.

सगळ्यात आधी ती पावणेनऊची वेळ परत एकदा डोळ्यासमोर आणा. दोन्ही हात हँडलवर, बॅग खांद्याला अडकवलेली, मागून बाइक आली, हिसका बसला, तुम्ही रस्त्यावर. हे सगळं तीन-चार सेकंदांत झालं असं तुम्हीच लिहिलंय. आता समजा कमरेला रिव्हॉल्वर होतं. कुठल्या सेकंदाला काढणार होतात? पडताना की पडल्यावर? तुम्ही उठून बसेपर्यंत ते दोघं पुढच्या वळणावर होते, म्हणजे पाठमोऱ्या, पळणाऱ्या माणसांवर, वर्दळीच्या रस्त्यावर, सोललेल्या हातानं गोळी चालवायची. नेम लागला नसता हे एक, आणि लागला असता तर त्याहून मोठं संकट होतं. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यानं दिलाय, भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ त्यावरच आहेत, पण कलम ३७ सांगतं की बचावाला लागेल तेवढीच इजा करता येते, जास्त नाही. जीव घेण्यापर्यंत जायची मुभा ३८ आणि ४१ मध्ये ठरावीक प्रसंगांनाच आहे, जिवावरचा किंवा गंभीर इजेचा हल्ला, दरोडा-लूट, सूर्यास्तानंतरची घरफोडी अशा. हातातून बॅग सुटून माणूस पळाला की तुमची बाजू वेगानं पातळ होत जाते आणि मग ती कोर्टात सिद्ध करत वर्षं जातात.

मेहुण्यांचं काही वाईट मनात नाही हे मला समजतंय. ते जे बोलले त्यात अर्धं खरंही आहे, हलकी बंदूक जवळ बाळगायला खरंच सोपी असते. स्मिथ अँड वेसनचं ३४० पीडी नावाचं मॉडेल आहे, स्कँडियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमची फ्रेम, टायटॅनियमचा सिलिंडर, पाच गोळ्या, नळी दोन इंचालाही जरा कमी, आणि रिकामं वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आत. म्हणजे पावशेर साखरेची पुडी आणि वर थोडं. पँटच्या खिशात पडलं तर विसरायला होईल. त्याच कंपनीचं .४४ मॅग्नमचं ३२९ पीडी तर त्या ताकदीच्या मानानं थक्क करेल इतकं हलकं, सातशे ग्रॅमच्या जरा वर.

पण बंदुकीचं वजन हे नुसतं ओझं नसतं, धक्का गिळायचं काम तेच वजन करत असतं. गोळी जेवढ्या जोरात पुढे जाते तेवढाच जोर बंदुकीला मागे ढकलतो, हे शाळेत शिकलेलं. आता तोच जोर किलोभर वजनाच्या स्टीलच्या रिव्हॉल्वरला मिळाला काय आणि त्याच्या एक तृतीयांश वजनाच्या रिव्हॉल्वरला मिळाला काय, हलक्यावाली बंदूक तिप्पट वेगानं मागे येते आणि तिप्पट ऊर्जा घेऊन येते. ती सगळी जाते कुठे, तर अंगठ्याच्या मुळाशी जो मऊ भाग आहे तिथे आणि मनगटात. पाच गोळ्या झाल्यावर तळहात लाल होतो, दहा झाल्यावर माणूस म्हणतो आज एवढंच पुरे, आणि सरावाची गरज तर शेकड्यांनी असते.

याहून वाईट म्हणजे शरीर शिकतं. दोन-तीनदा असा दणका बसला की मेंदू पुढच्या वेळी ट्रिगर पूर्ण ओढला जायच्या आधीच हात खाली झटकतो, डोळे मिटतो. आमचे कोच हे पकडायला एक गोष्ट करायचे, आपल्याला न सांगता मध्ये एक रिकामी, डमी गोळी भरून ठेवायचे. ती आली की खटका नुसता ‘टिक्’ व्हायचा, धक्का काही नाही, आणि तरीही नळी दोन इंच खाली गेलेली दिसायची. आपल्याच हाताची ती चोरी बघताना फार वाईट वाटतं. माझी ती सवय .२२ वर, जिथे धक्का जवळजवळ नसतोच, सुटायला दोन महिने लागले. मग पाव किलोच्या वर थोडं वजन असलेल्या मॅग्नमनं ती एकदा लागली तर किती चिकटून बसेल?

आणखी एक गोष्ट कॅटलॉगमध्ये दिसत नाही. रिव्हॉल्वरचा घोडा हातानं मागे न ओढता थेट ट्रिगर दाबला तर साधारण पाच किलोच्या आसपास जोर लागतो. एका बोटावर पाच किलो पिठाची पिशवी उचलून बघा आणि त्याच वेळी दुसरीकडे साडेतीनशे ग्रॅमची वस्तू जराही हलू न देता धरायची आहे असं समजा. नळी छोटी, नेम धरायची पुढची-मागची माशी एकमेकींच्या जवळ, त्यामुळे जरासं हललं तर दहा पावलांवर वीतभर फरक. बरं, मॅग्नमची सगळी दारू एवढ्याशा नळीत जळतही नाही, ती बाहेर येऊन मोठ्ठी ज्वाळा आणि कान फाडणारा आवाज करते आणि गोळीचा वेग मात्र लांब नळीपेक्षा बराच कमी पडतो. बंद खोलीतला असा एक बार कान कायमचे अधू करू शकतो. म्हणजे मोठ्या बोअरचे पैसे दिले, धक्का पूर्ण घेतला आणि ताकद पूर्ण मिळाली नाही.

आणि हलकेपणाचे स्वतःचे नखरे असतात. धक्का इतका जोरात की सिलिंडरमध्ये अजून न सुटलेल्या काडतुसांतली गोळी हळूहळू आपल्या पितळी नळकांड्यातून पुढे सरकू शकते, ती सिलिंडरच्या बाहेर डोकावली की सिलिंडर फिरायचा थांबतो आणि ऐन वेळी हातात नुसतं धातूचं ढेकूळ उरतं. त्या ३४० पीडीच्या नळीवरच कोरलेलं असतं की १२० ग्रेनपेक्षा (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) हलकी गोळी वापरू नका, कारण टायटॅनियमचा सिलिंडर झिजतो. मेहुण्यांना विचारा की गेल्या वर्षभरात त्यांनी त्यातून पूर्ण ताकदीच्या मॅग्नम किती चालवल्या. अमेरिकेतसुद्धा असं रिव्हॉल्वर बाळगणारे बरेच जण त्यात सौम्य .३८ स्पेशल भरून चालवतात, ते याच कारणासाठी.

आता आपल्याकडचं. मेहुण्यांनी बॅगेत घालून आणायचा विषय पत्रात गमतीत लिहिलाय, तो मनातूनही काढून टाका, विमानतळावर सामानात एक विसरलेलं काडतूस सापडलं तरी लोक पोलीस ठाण्यात बसतात. खासगी माणसाला बाहेरून हँडगन मागवणं ऐंशीच्या दशकापासून बंदच आहे, नामवंत नेमबाजांना सवलत आहे तेवढीच. त्याआधी आलेली जुनी परदेशी हत्यारं हातोहात फिरतात आणि त्यांच्या किमती ऐकून माणूस खुर्चीत बसतो. शिवाय बोअर बघावा लागतो, ९ एमएम, .३८, .४५५ ही सर्व्हिस बोअरची, म्हणजे लष्कर-पोलिसांच्या मापाची हत्यारं प्रतिबंधित गटात येतात, त्यांचं लायसन जिल्ह्यात मिळत नाही, दिल्लीपर्यंत जावं लागतं आणि तुमच्या-माझ्यासारख्याला ते मिळायचं कारण नाही. तेव्हा ग्वाल्हेरमध्ये नवीन रिव्हॉल्वर म्हणजे व्यवहारात .३२, हे धरून चला. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं ‘निर्भीक’ २०१४ ला आलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, पाचशे ग्रॅमचं, तेव्हाची किंमत १ लाख २२ हजारांच्या वर. २०२३ ला कानपूरचंच ‘प्रबल’ आलं, पावणेसातशे ग्रॅमच्या आसपास, सिलिंडर बाजूला उघडणारं, भरायला-रिकामं करायला सोपं. ईशापूरचं ‘निडर’ .२२ चं, अडीचशे ग्रॅमचं. वेब्ली अँड स्कॉटचं .३२ आता हरदोईला बनतं.

बत्तीस खेळणं आहे का? मॅग्नमपुढे ते कमी ताकदीचं आहे, यात वाद नाही. पण गोळी साडेसहा ग्रॅमच्या आत, वेग माफक, त्यामुळे हातावर येणारा धक्का मॅग्नमच्या साधारण एक तृतीयांश, आणि म्हणून पन्नास गोळ्या चालवून माणूस परत पुढच्या आठवड्यात रेंजवर जातो. सेंटरफायर पिस्तुलाच्या स्पर्धेत जगभरातले नेमबाज बहुतेक .३२ च वापरतात, ते हात त्याच्याशी प्रामाणिक राहतो म्हणून. माणसाच्या अंगात घुसलेल्या कुठल्याच गोळीला खेळणं म्हणू नये. आणि घ्यायचंच झालं तर माझं मत जड बाजूला आहे, ‘निर्भीक’पेक्षा ‘प्रबल’ला मी झुकतं माप देईन, पावणेदोनशे ग्रॅम कमरेला कळतात पण हाताला त्यांचा उपकार वाटतो.

बाबांचं सांगते. त्यांचं .३२ बावीस वर्षं कपाटात वरच्या खणात होतं, कातडी पट्ट्यात सहा काडतुसं खोचलेली. दसऱ्याला खाली यायचं, आपट्याची पानं-फुलं वाहिली जायची, तेलाचा बोळा फिरवून परत वर. ते गेल्यावर लायसनचे कागद करताना मी पट्टा उघडला तर पितळेवर हिरवा काट चढलेला, इतका की दोन काडतुसं कातड्यातून निघता निघेनात. कातडं कमावताना जे लावतात त्यानं पितळ खराब होतं, हे तेव्हा कळलं. रीतसर परवानगीनं रेंजवर ती सहा चालवून बघितली, दोन सुटलीच नाहीत. बाबा बावीस वर्षं त्या सहा गोळ्यांच्या भरवशावर निवांत झोपले. आपल्या लष्कर भागातल्या कितीतरी घरांत आज हेच असेल, ज्यांच्या कपाटात असं काही आहे त्यांनी हे वाचल्यावर एकदा काडतुसं बघावीत, जुनी रीतसर बदलून घ्यावीत आणि काडतुसं कातड्यात न ठेवता डब्यात ठेवावीत.

अर्जाचं विचारलंत. लायसन कलेक्टोरेटच्या शस्त्र शाखेतून, फॉर्म ए-१ भरून, मग ठाण्याची चौकशी, पोलीस रिपोर्ट. २०१६ च्या नियमांप्रमाणे हत्यार चालवायचं आणि सांभाळायचं ट्रेनिंग घेतल्याचं सर्टिफिकेट लागतं, फॉर्म एस-१, आणि ते कुठून तरी सही करून आणू नका, ते ट्रेनिंग खरंच करा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन पाच वर्षांचं असतं. आपल्याकडे अर्जांची गर्दी एवढी की २०१९ ला इथल्या कलेक्टर साहेबांनी लायसन हवं तर आधी १० झाडं लावून त्यांच्यासोबत सेल्फी आणा असा नियमच काढला होता, तुम्हाला आठवत असेल. काडतुसांचा कोटा लायसनवर लिहिलेला असतो, त्यात सराव बसतो का हे आधी विचारा. निवडणुकीच्या वेळी बहुतेकदा हत्यार ठाण्यात किंवा डीलरकडे जमा करावं लागतं, म्हणजे आचारसंहिता असेपर्यंत तुमची सुरक्षा परत त्याच बाकीच्या गोष्टींवर. आणि चंबळ जवळ आहे म्हणून कुणी कमी पैशात गावठी कट्टा आणून देतो म्हणालं तर त्या माणसापासूनच लांब व्हा, नुसता जवळ सापडला तरी कमीत कमी दोन वर्षं आणि पाचपर्यंत शिक्षा आहे, आणि तो हातात फुटतो ते वेगळंच. वरातीत हवेत बार काढायचा आग्रह मित्र करतातच, तोही आता दोन वर्षांपर्यंतची कैद किंवा लाखभर दंडाचा गुन्हा आहे, आणि वर गेलेली गोळी कुणाच्या तरी गच्चीवर खाली येते.

तुमच्या घराचा विचार करू. वहिनी जे म्हणतायत ते मी भीती म्हणून वाचलं नाही, त्यांनी घरातली माणसं मोजली आहेत. सोळा वर्षांच्या मुलाला कपाटाची किल्ली कुठे असते हे आई-वडिलांपेक्षा चांगलं माहीत असतं. आईंना विसरायला होतं, म्हणजे एखाद्या रात्री मुलगा पाणी प्यायला उठला आणि त्यांना चोर वाटला, अशी वेळ येऊ शकते. म्हणून हत्यार आणलंच तर भिंतीत किंवा जमिनीत बोल्ट केलेली तिजोरी, नंबरवाली, नंबर फक्त तुम्हाला आणि वहिनींना, काडतुसं वेगळ्या कुलपात. मग तुम्ही म्हणाल, एवढं सगळं उघडेपर्यंत चोर येऊन जाईल. हो, येऊन जाईल. घरात मुलं असतील तर हा व्यवहार असाच आहे, आणि तो मान्य नसेल तर हत्यार घरात येऊ देऊ नये.

आणि आता ती तीनची जाग. दादा, दोन महिने झोप नाही, गॅलरीत फेऱ्या, पत्रात पुढे लिहिलंय की मुलावर विनाकारण ओरडायला होतं, ऑफिसात बाइकचा आवाज आला की छातीत धस्स होतं. तुमच्या कोपराला पट्टी बांधली, त्या रात्रीच्या धसक्याला कुणी बांधली नाही. अशा दिवसांत माणसाच्या हाताजवळ भरलेलं हत्यार असणं मला पटत नाही, चोरामुळे नाही, तुमच्यामुळे, कारण झोप उडालेल्या माणसाचं मन कधी कुठल्या कोपऱ्यात जाईल हे त्यालाही ठाऊक नसतं. मानसिक आरोग्याच्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, दिवसरात्र. तिथे बोला किंवा तुमच्या डॉक्टरांना झोपेचं सांगा, पण हे अर्जाच्या आधी करा. झोप परत आल्यावरही रिव्हॉल्वर हवंसं वाटलं तर तो विचार मी जास्त गंभीरपणे घेईन.

मालकांशी बोलणं त्याहून आधी. रोकड त्यांची आणि जोखीम तुमच्या घरातल्या चौघांची, हे काही बरोबर नाही. संध्याकाळची वसुली यूपीआय, आरटीजीएसवर किती जाईल बघा, बाकीची दुकानातल्या तिजोरीत ठेवून सकाळी दोघांनी मिळून बँकेत भरा. रोकड हलवावीच लागली तर खांद्याला बॅग नको, स्कूटरच्या डिकीत, वेळ आणि रस्ता रोज बदलून, आणि सोबत एक माणूस. इतकी वर्षं इमानानं काम केलेल्या माणसानं एवढं मागितलं तर मालक नाही म्हणणार नाहीत असं मला वाटतं, आणि म्हणालेच तर ती रोकड घरी न न्यायचा हक्क तुम्हाला आहे. जिन्यात आणि दाराबाहेर सेन्सरचा दिवा लावा, दाराला आतून साखळी आणि आडणा, ११२ नंबर आईंच्या फोनवरही एका बटणावर ठेवा. परत कुणी बॅग ओढली तर सोडून द्या. पट्टा तुटला नाही म्हणून तुम्ही पडलात, हे लक्षात घ्या.

बायकोला कसं समजवू असं विचारलंत. समजवू नका, सोबत न्या. ट्रेनिंगला दोघं जा, हत्यार विकत घ्यायच्या कितीतरी आधी. तिथे मिळेल ते .२२ आणि .३२ दोघांनी चालवा, इन्स्ट्रक्टरला सांगून मध्ये एक डमी गोळी भरायला लावा आणि एकमेकांचे हात बघा. घरी आल्यावर चहा घेताना वहिनींना विचारा की तुझ्या मते मी तयार आहे का, आणि त्या जे म्हणतील ते मला लिहून कळवा.